गहाण कोणाचे?

वऱ्हाडातल्या माणसाला कर्ज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सातबाऱ्याचा उतारा हाती पडला की त्याची नजर क्षेत्राकडे किंवा आकाराकडे न जाता आधी ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे वळते. कारण जमीन कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तिच्यावर बोजा कोणाचा आहे यावरच तिची खरी मालकी ठरते, हे त्याला बापआजांच्या अनुभवाने पक्के ठाऊक असते. आपण वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणतो खरे. पण ही सोन्याची कुऱ्हाडच एके काळी सबंध प्रांतानिशी गहाण पडली होती, ही गोष्ट मात्र आपण फारशी आठवत नाही. हैदराबादच्या निजामाच्या नावाने पोसल्या जाणाऱ्या आणि हुकमत मात्र इंग्रजांची असणाऱ्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारची चाळीस लाखांहून अधिक रुपयांची बाकी दरबाराकडे थकली, आणि ती वसूल करण्यासाठी मे १८५३ च्या तहान्वये लॉर्ड डलहौसीने वऱ्हाडचा महसूल आपल्या हाती घेतला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालिना २५ लाख रुपयांच्या बोलीवर तोच प्रांत कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला. फौज निजामाची, हुकूम इंग्रजाचा, आणि तारण म्हणून लिहून दिला गेला तो मात्र काळ्या मातीत कापूस पेरणारा कुणबी, ज्याला या व्यवहारात कोणी एका शब्दानेही विचारले नव्हते.

ही जुनी कथा आज उकरून काढण्याचे कारण खेळाचे आहे. गेल्या दहापंधरा वर्षांत महाराष्ट्राने क्रीडाक्षेत्रातील मोठमोठ्या दात्यांचे वैभव पाहिले आणि त्यांचे कोसळणेही पाहिले. आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती दात्याच्या गर्वाची, त्याच्या गाड्यांची, बंगल्यांची आणि अटकेची. जो प्रश्न वऱ्हाडी माणसाने सर्वांत आधी विचारला असता, तो मात्र कोणी विचारला नाही. धनिक कुटुंबाने कर्ज काढून खेळाला पैसा दिला, तेव्हा गहाण कोणाचे पडले होते?

अमरावतीसारख्या गावात बसून खेळाच्या दात्यांविषयी कृतघ्नपणे लिहिणे शोभणार नाही, याची मला जाणीव आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली ज्या हनुमान आखाड्याचे बीज रोवले, त्याचा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नावाचा वटवृक्ष झाला, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने आपल्या मातीतले खेळ परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविले, हे ज्या गावाचे भूषण आहे, त्या गावाला शरीरसंवर्धनासाठी कोणीतरी पदरमोड करावीच लागते हे सांगायला नको. सरकारी अनुदानाची फाईल मुंबईहून निघून अमरावतीस पोहोचेपर्यंत दंड काढणाऱ्या मुलाचे वय निघून जाते. म्हणून दाता हवा, आणि उद्योगधंदा करणारा दाता असेल तर त्याच्या डोक्यावर कर्ज असणारच. कर्जावाचून धंदा आणि पावसावाचून शेती या दोन्ही सारख्याच अशक्य गोष्टी होत. तेव्हा कर्ज हा दोष नव्हे. दोष असलाच तर तो अन्यत्र शोधावा लागतो, आणि त्यासाठी कर्जबाजारी दात्यांची दोन उदाहरणे मी आधी देतो, जी आपल्याला मान खाली घालायला लावणारी नसून ताठ करायला लावणारी आहेत.

पहिले उदाहरण सर दोराबजी टाटांचे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले पाहून, आणि त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या फार मागे नाही हे हेरून, या गृहस्थांनी हिंदुस्थानचा संघ ऑलिम्पिकला पाठविण्याचा घाट घातला आणि पदरचे पैसे घालून तो तडीसही नेला. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला गेलेल्या त्या पथकात चार धावपटू आणि दोन मल्ल होते. फडेप्पा चौगुले यांनी तेथे मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही दोराबजीच झाले. परंतु या दोन घटनांच्या मधोमध, १९२४ साली, त्यांच्या घराण्यावर जो प्रसंग आला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतलेला, यंत्रसामग्रीच्या किमती वाढलेल्या, पोलादाचे भाव घसरलेले, आणि कच्च्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक जो जपान, तो १९२३ च्या भूकंपाने भुईसपाट झालेला. अशा चहूबाजूंनी आलेल्या संकटात कामगारांचा पगार भागवायलाही तिजोरीत पैसा उरला नाही, अशी बातमी मुंबईस येऊन थडकली. त्या वेळी दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली सर्व खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कारखान्यासाठी कर्ज उभे केले, आणि त्या तारणात त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा ‘ज्युबिली’ हिराही होता. कोहिनुराच्या दुपटीहून अधिक वजनाचा, सुमारे २४५ कॅरटचा हा हिरा, टेनिसच्या मैदानावर साडी नेसून उतरणाऱ्या त्या बाईंच्या गळ्यातून बँकेच्या तिजोरीत गेला. कारखाना तगला, कर्ज फिटले, हिरा परत आला, आणि पतिपत्नींच्या निधनानंतर तो विकला जाऊन त्याचा पैसा त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीत जमा झाला, ज्या निधीतून पुढे मुंबईचे टाटा कर्करोग रुग्णालय उभे राहिले.

दुसरे उदाहरण याहून लहान, आणि म्हणूनच कदाचित याहून मोठे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाची जुळवाजुळव गावकऱ्यांच्या वर्गणीपासून सुरू झाली. आणि ती पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये आणून दिले. स्वतंत्र भारताला मिळालेले पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, खाशाबांचे कुस्तीतील कांस्यपदक, हे अशा रीतीने एका शिक्षकाच्या गहाणखतावर उभे आहे.

या दोन्ही प्रसंगांत कर्ज आहे, तारण आहे, जप्तीचे भय आहे, आणि दात्याचे कुटुंब त्या भयाच्या छायेत काही काळ वावरलेही आहे. परंतु हिरा मेहेरबाईंचा होता आणि घर खर्डेकरांचे होते. कारखाना बुडाला असता तर टाटा कफल्लक झाले असते, खाशाबांचा पैसा फिटला नसता तर प्राचार्यांचे बिऱ्हाड रस्त्यावर आले असते. पण ज्याने ना हेलसिंकी पाहिले ना जमशेदपूर, अशा तिऱ्हाईताच्या ताटातला घास त्यासाठी काढला गेला नसता. जे माझे आहे ते मी गहाण टाकीन आणि जे दुसऱ्याचे आहे ते माझ्या हाती ठेव म्हणून आहे, हा विवेक त्या व्यवहाराच्या मुळाशी होता.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक दीपक सखाराम कुलकर्णी, म्हणजे मराठी मध्यमवर्गाचे ‘डीएसके’, यांच्या उद्योगसमूहाने पुण्यातील जुना शिवाजियन्स हा फुटबॉल संघ २०१३ साली आपल्या पंखाखाली घेतला, ‘डीएसके शिवाजियन्स’ या नावाने तो २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमध्ये उतरविला, आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाशी संधान बांधून पुण्याजवळ मुलांसाठी निवासी फुटबॉल प्रबोधिनीही काढली. मराठी मुलाने कुस्ती आणि क्रिकेट यांच्या पलीकडे पाहावे, त्याला हिरवळीचे मैदान, परदेशी प्रशिक्षक आणि चौरस आहार मिळावा, ही कल्पना लहान नव्हती आणि तिच्यावर खर्च झालेला पैसाही लहान नव्हता. परंतु त्याच सुमारास समूहाच्या मुदत ठेवींवरील व्याज थकू लागले, मुद्दल परत मिळेना, २०१७ मध्ये संघ आय-लीगमधून बाहेर पडला, त्याच वर्षी ठेवीदारांची फिर्याद पुण्यात दाखल झाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी यांना अटक झाली. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी केलेल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यान्वये मालमत्तांवर टाच आली. दोषादोषाचा निवाडा हे न्यायालयाचे काम होय, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याचे नव्हे. म्हणून त्याविषयी मी एक अक्षरही अधिक लिहीत नाही. येथे नोंदवायची ती एवढीच गोष्ट की, ज्या समूहाच्या तिजोरीतून संघाचा खर्च निघत होता, त्याच समूहाच्या तिजोरीत हजारो निवृत्त शिक्षक, कारकून आणि विधवा बायकांच्या आयुष्यभराच्या पुंज्या ठेव म्हणून पडल्या होत्या, आणि फुटबॉलच्या मैदानात त्या ठेवीदारांची जागा कोठेही राखून ठेवलेली नव्हती.

याच कथेची मोठी आवृत्ती पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजे येथे घडली. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने बँकांचे कर्ज काढून तेथे देखणे स्टेडियम उभारले. ते २०१२ साली सुरू झाले, आणि त्याला सहारा समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांचे नाव देण्याच्या मोबदल्यात समूहाकडून सुमारे २०७ कोटी रुपये यायचे ठरले. सहारा तेव्हा भारतीय क्रीडाक्षेत्राचा कुबेर होता: क्रिकेट संघाच्या छातीवर त्याचे नाव, हॉकी संघाच्या छातीवर त्याचे नाव, ‘पुणे वॉरियर्स’ हा आयपीएलचा संघ ३७ कोटी डॉलरांना विकत घेतलेला, आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीत विजय मल्ल्यांच्या जोडीने भागीदारी. परंतु ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाच्या दोन कंपन्यांनी सुमारे तीन कोटी लोकांकडून गोळा केलेले चोवीस हजार कोटींच्या घरातले पैसे पंधरा टक्के व्याजासह परत करण्याचा हुकूम दिला. आणि ज्यांच्या दहा-वीस रुपयांच्या रोजच्या बचतीतून हे साम्राज्य उभारले गेले, ते टपरीवाले, रिक्षावाले आणि भाजीवाल्या बाया कोण होत्या, हे सबंध देशाला तेव्हा दिसले. गहुंजेच्या नावाचे पैसे हप्त्याहप्त्याने यायचे ते अडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यासाठी प्रेक्षक आत शिरले तेव्हा प्रवेशद्वारावरील दात्याचे नाव झाकून टाकलेले होते. नाव झाकता आले. कर्ज झाकता आले नाही. ज्या उत्पन्नाच्या भरवशावर संघटनेने बँकांना हप्ते कबूल केले होते ते उत्पन्नच आटल्याने व्याज चढत गेले, आणि २०१९ साली बँकांनी सुमारे ६९ कोटींच्या थकबाकीपोटी स्टेडियमचा सांकेतिक ताबा घेतल्याची नोटीस काढली. चेंडूफळीच्या मैदानावर जप्तीचा कागद लागावा, हा प्रसंग वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हसवील की रडवील, हे मला सांगता येत नाही. पण तो कागद त्याच्या ओळखीचा आहे, एवढे खरे. त्याच मैदानावर २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले ही समाधानाची गोष्ट, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात सहाराच्या सहकारी पतसंस्थांच्या ठेवीदारांना परताव्यासाठी अर्ज करण्याची सोय केंद्र सरकारला संगणकावर करून द्यावी लागली, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. सुब्रत रॉय त्याच नोव्हेंबरात मुंबईत वारले.

आता या कर्जाचे परिणाम कोठवर पोहोचतात ते पाहावे. दात्याचे दिवाळे निघाले म्हणजे सर्वांत वर बँका असतात. त्यांच्यापाशी गहाणखते असतात, वकील असतात, वसुलीची न्यायाधिकरणे असतात. त्यांच्या खाली ठेवीदार असतो. त्याच्यापाशी निदान पावती असते. सर्वांत खाली असतो तो मैदानाची निगा राखणारा माळी, मुलांना शिकविणारा प्रशिक्षक, वसतिगृहाच्या भटारखान्याला भाजी पुरविणारा, आणि शाळा सोडून खेळासाठी घर सोडलेला चौदा वर्षांचा मुलगा. यांच्यापाशी काहीच नसते. इंग्लंडात सहारा-मल्ल्या भागीदारीतला फोर्स इंडिया हा मोटारशर्यतीचा संघ जुलै २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला तेव्हा तेथील कायद्याने संघ दुसऱ्या मालकास विकून चारशेंवर लोकांच्या नोकऱ्या वाचविल्या. आपल्याकडे संघ विसर्जित होतो तेव्हा त्याची नोंद एका ओळीच्या बातमीत होते आणि खेळाडू आपापले सामान घेऊन गावी परततात.

फार दूर जायला नको. आमच्याच भागातील एका तालुक्याच्या गावी जत्रेच्या कुस्त्यांच्या दंगलीत मी काही वर्षे पंच म्हणून बसत असे. तिचे सगळे इनाम एक जिनिंगवाले घराणे देई, आखाड्यातील सहा-सात पोरांचा वर्षाचा खुराकही तेच घराणे चालवी, आणि वस्ताद किराणा दुकानातून बदाम, तूप, खारका त्यांच्या शब्दावर उधारीने उचलून आणीत. एका साली जिनिंगच्या फाटकावर बँकेची नोटीस चिकटली. इनामाचा चेक मंचावर टाळ्यांच्या गजरात दिला गेला होता. तो वटला नाही. मालकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. कापसाच्या एका पडत्या हंगामाने त्यांनाही बुडविले होते. पण पुढच्या महिन्यात मी आखाड्यावर गेलो तेव्हा हौद्यातली माती कोरडी पडून तिला भेगा गेलेल्या, ताकातेलाचा वास उडालेला, आणि वस्ताद भिंतीला टेकून बसलेले. दुकानदाराची उधारी फेडण्यासाठी त्यांनी गोठ्यातला एक गोऱ्हा विकला होता. मी म्हणालो, मालकांना सवड द्या, ते बुडवणारे नव्हेत. वस्ताद म्हणाले, “मालकाले सवड देईन भाऊ, पण पोट्ट्यायच्या पोटाले तारीख देता येत नाई नं.” त्या सहा-सात पोरांपैकी दोघे त्या वर्षी कामधंद्यासाठी गाव सोडून गेले. त्या दानात गहाण पडला होता तो वस्तादांचा गोऱ्हा.

येथे कोणी म्हणेल की, दाता म्हणजे काही देणेकरी नव्हे. त्याने दिले तर घ्यावे, न दिले तर नशीब म्हणावे. हा युक्तिवाद आपल्या न्यायालयांनीही फार पूर्वी तपासलेला आहे. हावड्याच्या नगरभवनासाठी एका गृहस्थाने वर्गणीच्या यादीवर शंभर रुपये लिहून सही केली, तिच्या भरवशावर समितीने बांधकामाचा ठेका दिला, आणि मग गृहस्थ मागे सरले. तेव्हा कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने १८८६ साली निकाल दिला की, तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने स्वतःस बांधून घेतले असेल तर शंभर रुपये मोजलेच पाहिजेत. उलट १९१४ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांचा तंटा आला. तेथे त्या वचनाच्या भरवशावर कामच सुरू झालेले नव्हते, म्हणून दावा फेटाळला गेला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही नुसते वचन हे दान नव्हे. वचनावर विसंबून जो आधी खर्च करून बसतो त्याच्या बाजूने कायदा उभा राहील, पण दात्याकडे देण्यासारखे काही उरलेच नसेल तर निकालाचा कागद घेऊन त्याने कोठे जावे, हे कायदाही सांगू शकत नाही.

यावर तोडगा आहे, आणि तोही आपल्याच कापसाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या व खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मुंबईत सट्ट्याचा महापूर लोटला आणि त्या महापुरावर प्रेमचंद रायचंद हे शेठ राजासारखे तरले. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या मातुःश्री राजाबाई यांच्या नावाच्या घड्याळमनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, आणि शेठजीही पार धुऊन निघाले. तरीही १८६९ मध्ये पाया घातला गेलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे, याचे कारण एकच: चार लाख रुपये वैभवाच्या दिवसांतच विद्यापीठाच्या हाती पडले होते, आणि पुढे शेठजींच्या वहीत काय उरले यावर ते अवलंबून नव्हते. गहुंजेत नाव आधी लागले आणि पैसे हप्त्याने यायचे होते. मुंबईत पैसे आधी आले आणि नाव मागाहून कोरले गेले.

तेव्हा आपल्या आखाड्यांच्या, क्रीडामंडळांच्या आणि संघटनांच्या विश्वस्तांनी आपल्या घटनेत तीन-चार कलमे घालावीत, असे मी सुचवितो. शेवटचा हप्ता जमा झाल्याखेरीज कोणाचेही नाव मैदानाला किंवा इमारतीला देऊ नये. दात्याच्या वचनावर बँकेचे कर्ज काढू नये. काढायचेच तर तेवढ्या रकमेची बँकहमी आधी घ्यावी. प्रशिक्षकाचा पगार आणि मुलांचा खुराक हा रोजचा खर्च एकाच घराण्याच्या औदार्यावर कधीही सोडू नये. तो अनेकांच्या लहान वर्गण्यांतून आणि कायम निधीच्या व्याजातून भागवावा, आणि मोठ्या दात्याचा पैसा त्या कायम निधीत घालावा, ज्याचे मुद्दल धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंदलेले असेल. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावयास लावले आहे आणि त्यात ग्रामीण खेळांचाही समावेश आहे, ही चांगली गोष्ट. पण नफा आटला की ते दोन टक्केही आटतात, हे ध्यानात ठेवूनच त्या पैशाचा विनियोग करावा. २०१८ पासून भारतीय हॉकीचा भार ओडिशा सरकारने उचलला, कारण खासगी कुबेराच्या अनुभवाने हॉकी शहाणी झाली होती. प्रत्येक खेळाला असे राज्य मिळेलच असे नाही.

राहिला दात्याची खातेवही पाहण्याचा प्रश्न. दान देणाऱ्याला त्याचा ताळेबंद विचारणे आपल्याला अशिष्ट वाटते. दिल्या गाईचे दात मोजू नयेत असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु वाडवडिलांच्या त्या काळी गाय दुसऱ्याच्या गोठ्यातून सोडून आणलेली नसे. कंपनीच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे याची नोंद आज कंपनी निबंधकाच्या दप्तरी असते आणि अल्पस्वल्प शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते. समूहाने जनतेकडून ठेवी घेतल्या आहेत काय, पतमापन संस्थांनी त्याची पत कमी केली आहे काय, कामगारांचे पगार वेळेवर होतात काय, हे विचारण्यात दात्याचा अपमान नाही. उलट जो दाता स्वतःच्या शिलकेतून देतो त्याला या प्रश्नांनी बळच येईल. कारण एका घराण्याचे दिवाळे निघाले की पुढची दहा वर्षे प्रत्येक प्रामाणिक दात्याकडे लोक संशयाने पाहतात, आणि हा त्या कर्जाचा सर्वांत दूरवर जाणारा परिणाम होय.

वऱ्हाडच्या माणसाला यात नवीन काहीच शिकायचे नाही. जावई करताना तो जमिनीचा उतारा पाहतो, बैल घेताना दात पाहतो, आणि सौद्यात इसार हाती पडल्याखेरीज जिन्नस हलू देत नाही. तोच माणूस आखाड्याचा विश्वस्त झाला म्हणजे हार, शाल आणि श्रीफळ घेऊन दात्याच्या दारी उभा राहतो आणि उतारा मागायला लाजतो. माझी त्याला एवढीच विनंती आहे की, पुढचा संगमरवरी फलक कोरायला टाकण्यापूर्वी त्याने दात्याच्या कागदांतला ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचावा. आणि तेथे त्याला दात्याचे स्वतःचे घर किंवा हिरा न दिसता कोणा ठेवीदाराची पावती, कोणा कामगाराचा पगार किंवा कोणा वस्तादाचा गोऱ्हा दिसला, तर तो पैसा नम्रपणे परत करावा.